अंगणातला कीबोर्ड

अजी, ऐकून राहिले ना?

पत्राच्या वर काय लिहावं इथेच माझी गाडी अडली. आधी 'प्रिय' लिहिलं आणि खोडलं. इतक्या वर्षांच्या संसारात कधी प्रिय म्हटलं नाही, आता कोणत्या तोंडाने म्हणू? तुमचं नाव लिहावं, तर ते मी कधी घेतलंच नाही. लग्नात उखाण्याच्या वेळी तोंडाला पदर लावून काहीतरी पुटपुटले होते, ते बाजूला बसलेल्या मामीलाही ऐकू गेलं नव्हतं. तेव्हा आपलं रोजचंच बरं. अजी.

लिहून राहिले कारण बसवत नाही. तुमच्या क्लासच्या खोलीत आहे, तुमच्या फिरत्या खुर्चीवर. या खोलीचं कुलूप आज सकाळी उघडलं, तुम्ही गेल्यानंतर पहिल्यांदा. लाईट नाही. दुपारभर लोडशेडिंग आहे, चारच्या सुमारास येते म्हणतात. आणि संध्याकाळी गोंदियाहून मेटॅडोर येणार आहे, तुमचे तिन्ही कम्प्युटर न्यायला.

हो, विकून राहिलो आपण. म्हणजे ठरवलं तुमच्या भावाने, विलासभाऊजींनी. मी फक्त 'हूं' म्हटलं. तो 'हूं' म्हटल्यापासून माझा जीव थाऱ्यावर नाही. भाजीत दोनदा मीठ पडलं, विहिरीवर बादली विसरून आले, आणि आता चार ओळी लिहीपर्यंत बटण दाबून लाईट आली का, हे किती वेळा पाहिलं देव जाणे!

भाऊजींना नावं ठेवू नका बरं का. ते वाईट बोलत नाहीत. म्हणाले, "वहिनी, मशीन पडून राहून सडून राहिले. शिकवणारा गेला. आता त्यायची पूजा करता काय?" खरंच आहे ना? मला तर त्यातलं 'क' की 'का' कळत नाही. मग कोणासाठी ठेवायचे?

पण सकाळी ती गावाबाहेरच्या टोलीवरची इंदू आली आणि सगळं बिघडवून गेली.

आठवते ना इंदू? तुमच्या शेवटच्या बॅचची, आठवीतली, दोन वेण्यांची, जी 'समजलं का?' विचारलं की 'नाही' म्हणायची. सकाळी मोहफुलं वेचून परत येताना फाटकाशी उभी राहिली. डोक्यावर टोपली, हात चिकट, अंगाला मोहाचा वास.

"काकू, क्लास कधी सुरू होऊन राहिला? आमची परीक्षा झाली ना."

मी म्हटलं, "बाई, सर नाहीत ना आता."

"ते माहीत आहे. मी तेरवीले आली होती. बुंदी खाल्ली. क्लासचं सांगा ना."

"शिकवणार कोण?"

"कायले विचारता? तुमी! कीबोर्ड तं तुमीच काढत होत्या."

आणि टोपली सावरत निघून गेली पोट्टी. मी तिथेच हातात खराटा घेऊन उभी! हसू की रडू? अख्ख्या अर्जुनी मोरगावाला वाटते की कम्प्युटरवाल्या सरांची बायको म्हणजे तिला कम्प्युटर येतच असेल. आणि इथे या बायकोने त्या यंत्राचं बटणसुद्धा कधी दाबलेलं नाही!

ते काऊन, हे मी तुम्हाला विचारायचं की तुम्ही मला?

थांबा, दूध चुलीवर आहे.

आले. उतू गेलं थोडं.

तर ते तिन्ही डब्बे आणले तो दिवस आठवतो? गोंदियाहून पॅसेंजरने आणले. मोठे खोके गाडीच्या दाराशी, त्यांच्याभोवती आपल्या घरची गादी गुंडाळलेली, आणि एक मॉनिटर तुम्ही मांडीवर घेतलेला, तान्ह्या लेकराला घ्यावं तसा. स्टेशनवर बैलबंडी घेऊन मामाजी स्वतः आले होते. तुमचे बाबा! बंडीतून खोके घरी आणले. खोके उघडल्यावर म्हणाले, "आपण कोहळी, तलाव बांधणारी जात. कोहळ्याच्या पोरानं तलाव राखावा, धान पिकवावं. हे डब्बे कायले आणले गा?"

तुम्ही म्हणाले, "बाबा, हा बी तलावच आहे."

मला वाटलं, आता मार खातात! पण म्हाताऱ्याने खाली बसून ऐकून घेतलं. तुम्ही त्यांना समजावलं तेच पुढे पोट्ट्यांना समजावत राहिले, दर बॅचच्या पहिल्या दिवशी. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकायचे. अजूनही तोंडपाठ आहे, म्हणून दाखवू?

"पोट्टेहो, कम्प्युटरमंदी दोन जागा असतात. एक बांधी, म्हणजे धानाचं खाचर, अन् एक तलाव. बांधीतल्या पाण्यावर आत्ताचं काम चालते. तुमी अक्षर टाइप केलं का ते बांधीत येते. त्या बांधीले म्हणतात रॅम. पण लाईट गेली का बांधी कोरडी! म्हणून काम झालं का पाणी तलावात नेऊन सोडायचं. तलाव म्हणजे हार्ड डिस्क. लाईट जावो का वारा सुटो, तलावातलं पाणी राहते. आणि हे सोडण्याले काय म्हणतात?"

"सेव्ह!" पोट्टे ओरडायचे. माझ्या हातातली पळी हलायची त्या ओरडण्याने.

मामाजी ते ऐकून इतकंच म्हणाले, "तलावाची पार मजबूत ठेवजो." आणि उठून गेले. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या हाताने या खोलीचा उंबरठा उंच करून दिला, पाणी आत येऊ नये म्हणून. तो उंबरठा आजही आहे. दसऱ्यानंतर माझ्यासाठी तर तो लक्ष्मणरेषाच झाला.

हां, आता दसऱ्याचं बोलतेच. कितीतरी वर्षं पोटात ठेवलं, तुमच्यासमोर बोलले की तुम्ही हसून टाळायचे. आता टाळून दाखवा!

दसऱ्याला आपण सगळ्या अवजारांना हळदकुंकू लावतो, नव्या धानाच्या लोंब्या बांधतो. नांगराला, विळ्याला, सायकलला, माझ्या शिलाई मशीनला. त्या वर्षी मी ताट घेऊन निघाले तर तुम्हीच म्हणाले, "कम्प्युटरले बी बांध. तेही आपलं अवजारच व्हय." कोण म्हणालं? तुम्ही! मी तर विचारलंसुद्धा, चालते का म्हणून. मग हौसेने तिन्ही मशीनला लोंब्यांची जुडी बांधली, हलक्या, लवकर पिकणाऱ्या धानाच्या, सोन्यासारख्या. हळदीचं बोट टेकवलं. माझ्या लग्नातल्या हिरव्या साडीच्या खोळी शिवल्या होत्या, त्या वरून घातल्या. किती छान दिसत होते!

आठ दिवसांत उंदरं आली. येणारच! घरात नवं धान ठेवलं की येत नाहीत काय? लोंब्या खाल्ल्या आणि मग दात शिवशिवले असतील मेल्यांचे, मागच्या सगळ्या वायरी कुरतडल्या. एका माउसची तर शेपटीच तोडून नेली. दिवाळीच्या आधीची बॅच बसली, बटण दाबलं, काहीच नाही. तुम्ही खाली वाकून पाहिलं आणि बाहेर येऊन पोट्ट्यांसमोर मला म्हणाले, "आता या खोलीत कशाले हात लावायचं काम नाही तुझं. समजलं?"

पोट्ट्यांसमोर, अजी!

लोंबी तुमच्या सांगण्यावरून बांधली आणि हात माझा तोडला. त्यानंतर पोळ्या जरा जास्तच जाडजाड झाल्या होत्या आठवडाभर, तुमच्या ध्यानात आलं नसेल. तेव्हापासून ना झाडायला आत, ना पुसायला. खोळी धुवायच्या असल्या की तुमचा एखादा विद्यार्थी दारातून माझ्या हातात द्यायचा आणि वाळल्यावर दारातूनच परत घ्यायचा. सोवळंच होतं ना ते एक तऱ्हेचं?

लाईटचा पत्ता नाही. घामाने कागद चिकटून राहिला हाताला.

मग लोडशेडिंग वाढलं. उन्हाळी बॅच यायची आणि लाईट जायची. पोट्टे तुमच्या तोंडाकडे बघत बसायचे. तुम्हाला चैन पडायचं नाही, अंगणात येरझारा घालायचे. एके दिवशी मी सकाळी सारवून रांगोळी काढली होती, साधीच, ठिपक्यांची. तुम्ही त्या ठिपक्यांजवळ थांबले, बघत राहिले, आणि आत जाऊन एका पुठ्ठ्यावर कीबोर्ड काढून आणला. म्हणाले, "यशोदा, हे मोठं करून काढता येते काय तुले?"

येते काय! माझ्या माहेरी लग्नघरात मला रांगोळीसाठी बोलवायचे. दुसऱ्या दिवशी अंगणभर कीबोर्ड! पाटाएवढं एकेक घर, घरात एकेक अक्षर. वरच्या ओळीत क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी. मधल्या ओळीत ए, एस, डी, एफ. खाली स्पेसबार, लांबच लांब, नहराच्या पाटासारखा. उजवीकडे एंटरचं घर. आणि पोट्टे त्यावर बिल्लस खेळतात तशी लंगडी घालायचे. तुम्ही ओसरीत उभं राहून अक्षरं पुकारायचे, "जी! ओ! एन! डी! आय! ए!" आणि पोट्टं उड्या मारत गोंदिया लिहायचं. चुकलं की बाद. एंटरवर उडी मारली की पुढचा भिडू.

रस्त्याने जाणारे लोक सायकली थांबवून बघायचे. एक म्हातारा तर म्हणाला, "सर पोट्ट्यायले शिकवून राहिले का नाचवून राहिले?"

रोज सकाळी सारवायचं आणि रोज कीबोर्ड काढायचा. किती उन्हाळे काढले ते मी मोजत नाही. शाळेत आठवीपर्यंत एबीसीडी शिकले होते, ती कधीच विसरून गेले. पण हा क्रम हातात बसला. एकदा भाऊजींची लेक चिमी एबीसीडी म्हणून दाखवत होती, 'ए, बी, सी, डी,' तर मी पटकन म्हटलं, "अगं, ए च्या बाजूला एस येते ना!" सगळे हसले. तुम्ही सगळ्यात जास्त.

हसण्यावारी गेलं. पण त्या दिवशी मी जेवण झाल्यावर विचारलं होतं, "मले बी शिकवा ना जी एकदा. आत बसून." आठवते तुम्हाला? अंगणवाडीच्या बाई शिकून गेल्या, ग्रामसेवकाची बायको शिकून गेली, तुमच्या बहिणीची, म्हणजे भाटव्याची पोरगी शिकून नागपूरला गेली. मी काय मागितलं, सोन्याची पाटली? तुम्ही म्हणाले, "शिकवतो ना. उन्हाळी बॅच होऊ दे." मग म्हणाले, "पाऊस होऊ दे." मग पोळ्याच्या दिवशी बैलांना घाटा चारताना स्वतःहूनच म्हणाले, "दिवाळीत तुले पक्की बसवतो खुर्चीवर."

दिवाळी आली. तुम्ही कुठे होते?

मला राग येतो तुमचा. हो, येतो! मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मी रागावते. घरात मच्छरदाणी होती. चांगली, नवीन. तुम्ही काऊन इथे खोलीत नुसत्या चटईवर झोपायचे, म्हणे सकाळच्या बॅचची तयारी करतो? ताप आला तर गोळी खाऊन क्लास घेतला. पुन्हा आला तर पुन्हा गोळी. मेंदूत मलेरिया गेला म्हणे डॉक्टर. पहिल्या तापाला रक्त तपासायला जायचं ना! पोट्ट्यांना रोज सांगत होते, काम झालं की लगेच सेव्ह करा, नंतर करू म्हणू नका. आणि स्वतः?

जाऊ द्या. डोळे पुसून आले.

आताच भाऊजींचा फोन आला. "वहिनी, मेटॅडोर सौंदडच्या पुढे निघाली. खोळी काढून ठेवा." मी म्हटलं, "हूं." पुन्हा तोच 'हूं'! मला माझ्याच जिभेचा राग आला.

माझी गोष्ट साधी आहे अजी, तुम्हीच सांगा. मेटॅडोर येऊन गेली तर ही खोली धानाचं कोठार होईल. इंदू आणि तिच्यासोबतचे पोट्टे, ज्यांचं तुम्ही अर्धवट सोडून गेले, ते गोंदियाला थोडीच जातील शिकायला? टोलीवरच्या पोरीला कोण पाठवते तिकडे? आणि मी उरलेला जन्म अंगणात कशाची रांगोळी काढू, ठिपक्यांची? पण नाही म्हणावं तर कोणत्या जोरावर? उद्या पोट्टे येऊन बसले आणि मला बटण कुठलं तेच ठाऊक नाही, तर लोक काय म्हणतील? 'सर गेले, सरीणबाई बह्याड झाली, येडी झाली.'

भिऊन राहिले मी. खरं सांगते.

एक काम केलं मात्र. एका मशीनची खोळ काढली आणि कीबोर्डवर हात ठेवला. लाईट नसताना. मेलेलं यंत्र काय करणार आहे मला? माझं अंगणातलं एक घर पाटाएवढं, आणि इथे सगळं बोराएवढं! पण आहे तसंच. ए च्या बाजूला एसच आहे. मी डोळे मिटून बोटं फिरवली, आणि काय सांगू, एफ वर आणि जे वर बोटाला काहीतरी टोचलं. बारीक उंचवटा आहे तिथे! तांदळाच्या कणीएवढा. पुन्हा पुन्हा हात लावून बघितला. हे तर तुम्ही मला कधी सांगितलं नाही. इतकी वर्षं मी एफ आणि जे सपाट काढत आले.

पहिली आणि शेवटची बोटं तिथे ठेवायची असतात काय? की मधली? खिडकीतून ऐकलेलं आठवून बघते, 'अंगठा स्पेसवर,' एवढंच आठवते.

अरे बापा! पंखा फिरला! लाईट आली! थांबा, थांबा.

अजी, आता संध्याकाळ झाली आहे. ओसरीत बसून लिहून राहिले. घडलं ते सगळं सांगते, पण उजेड कमी आहे, अक्षर समजून घ्या.

लाईट आली तशी मी यूपीएसचं बटण दाबलं आणि ते असं किंचाळलं, की मी खुर्चीसकट मागे सरकले. मग मोठं बटण. पडद्यावर पांढरी अक्षरं पळाली, मग निळं आकाश आलं. मग मी तुमचं म्हणणं म्हणायला लागले, मोठ्याने, आरती म्हणावी तसं. 'स्टार्ट, मग प्रोग्राम्स, मग ॲक्सेसरीज, मग नोटपॅड.' म्हणता आलं, पण तिथे जायचं कसं? माउसने! आणि माउस तर तुम्ही कधी माझ्याकडून अंगणात काढूनच घेतला नाही! मी तो उचलून पडद्याकडे धरला. काही नाही. टेबलावर ठेवला तर तो बाण कोंबडीच्या पिल्लासारखा इकडून तिकडे. इकडे पकडावा तर तिकडे. मला रडू यायला लागलं.

तेवढ्यात दाराशी इंदू. पंखा सुरू दिसला म्हणून आली. उंबरठ्याच्या बाहेरच उभी, चपला काढून.

"काकू, येते ना तुमाले?"

"कीबोर्ड येतो. हा उंदीर नाही येत," मी म्हटलं.

"उंदीर मले येते. कीबोर्ड मी विसरली." ती म्हणाली आणि दोन्ही हात पुढे करून दाखवले. "पण हात चिकट आहेत. सर हात धुतल्याबिगर शिवू देत नव्हते."

अजी, मला तुमचं ते दसऱ्यानंतरचं 'हात लावायचं काम नाही' आठवलं. मी म्हटलं, "फ्रॉकले पूस आणि ये आत. लाव हात."

तिने माउस धरला, मी स्टार्टपासूनची वाट सांगितली. नोटपॅड उघडलं. पांढरं अंगण! आणि तितक्यात बाहेर मेटॅडोरचा भोंगा.

मशीन विकत घेणारा गोंदियाचा दुकानदार आत आला, पाठीमागे भाऊजी. दुकानदार चांगला माणूस दिसला, दाराशी चप्पल काढली त्याने. बघून म्हणाला, "भाभीजी, ये तो चालू है! मुझे तो बोला था सब बंद पड़ा है।"

मी म्हटलं, "चालूच आहेत. विकायचे नाहीत."

कसं निघालं तोंडातून कोण जाणे! 'हूं' निघायच्या जागी हे निघालं.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, हे काय लावलं? सकाळपर्यंत हो होतं. माणूस एवढ्या दूर येऊन राहिला! आणि तुमाले काय येते यातलं?"

"कीबोर्ड येते," इंदूच बोलली मधून. "उंदीर मी सांगते."

भाऊजींनी कपाळावर हात मारला. मी म्हटलं, "भाऊजी, एक उन्हाळा द्या मला. हा उन्हाळा पोट्टे आले नाहीत, नाहीतर मला जमलं नाही, तर धान भरा खोलीत. मी स्वतः पोती लावीन." भाऊजी भिंतीकडे वळले. तुमच्यासारखंच, रागावले की भिंतीकडे बघतात. मग म्हणाले, "तिसरा तं चालूच होत नाही. तो तरी देऊन टाका."

तिसरा खरंच सुरू होत नव्हता, नुसता टूं टूं करत होता. दुकानदाराने तो उघडला, आतली एक हिरवी पट्टी काढली, आणि म्हणाला, "रबर है क्या? पेन्सिल वाला।" इंदूने दप्तरातून खोडरबर आणायला घरी धूम ठोकली. त्याने त्या पट्टीच्या सोनेरी कडा रबराने घासल्या, फुंकर मारली, परत बसवली, आणि मशीन सुरू! म्हणाला, "धूल जम गई थी रैम पे। बस।"

बांधीत गाळ साचला होता, अजी. रबराने निघाला! मी त्याला चहा पाजला, दूध कमी होतं तरी. जाताना म्हणाला, "भाभीजी, बेचना हो तो बता देना। नहीं बेचो तो और अच्छा।" रिकामी मेटॅडोर घेऊन गेला बिचारा. भाऊजी फाटकापर्यंत गेले, परत आले आणि विचारलं, "उंदराचं औषध आणू काय खोलीसाठी?" म्हणजे समजा तुम्ही काय ते.

सगळे गेल्यावर इंदू पुन्हा खुर्चीवर. म्हणाली, "काकू, काय लिहू?"

माझ्या तोंडून निघालं, "सरांचं नाव लिह."

"मी विसरली ना कोणतं अक्षर कुठे. तुमी पुकारा. सर पुकारत होते तशा."

आता काय करू? तुम्ही ओसरीत उभे राहून गोंदिया पुकारायचे, देवरी पुकारायचे, पोट्ट्यांची नावं पुकारायचे. स्वतःचं कधी पुकारलं नाही. आणि मी? मी तर कधी घेतलंच नाही. इंदू बोट वर धरून बसलेली. मी म्हटलं, "एम. खालच्या ओळीत, शेवटाकडे." तिने दाबलं. "ए. मधल्या ओळीत, पहिलं." मग एन. मग ओ. मग एच. पुन्हा ए. मग आर, टी च्या आधी.

इंदूने पडद्यावर वाचलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, मनोहर! घेतलं ना तुमी नाव!"

घेतलं. तुकड्या तुकड्याने घेतलं, पण पूर्ण घेतलं. आणि मग, इंदू तिथेच होती तरी, मी एकदा सलग म्हटलं, "मनोहर." काही झालं नाही. आभाळ पडलं नाही. कान तापले फक्त. रडलेसुद्धा थोडी.

मग इंदूने माउस फिरवला, मी म्हटलं, "सेव्ह कर आधी." तिने काहीतरी दाबलं, मीही एंटर दाबलं, आणि तेवढ्यात लाईट गेली! यूपीएस एकदा किंचाळलं आणि तेही गेलं, त्याची बॅटरी मेलेली आहे म्हणे. पडदा काळा. इंदू ओरडली, "काकू, झालं होतं ना सेव्ह?"

मी म्हटलं, "हौ, झालं." पण खरं सांगू? मला माहीत नाही. नाव तलावात गेलं की बांधीतच वाळलं, काही कळायला मार्ग नाही. लाईट आता सकाळी येणार. तोवर मी काही एका जागी बसत नाही.

म्हणून तुम्हाला वचन देऊन ठेवते, निदान हात कामात राहील.

उद्या पहाटे अंगण सारवीन आणि कीबोर्ड काढीन. या खेपेला बाजूला माउसही काढीन, शेपटीसकट. एफ आणि जे च्या घरात धानाचा एकेक दाणा ठेवीन, लंगडी घालणाऱ्या पायाला लागेल असा. (उंदरांचं भाऊजी बघतील.) आणि लाईट आली की जे कोणी येईल, पोट्टी असो की पोट्टा, हात मोहाचे असोत की शेणाचे, त्याला पहिल्या दिवशी पहिल्यांदा मशीनला हात लावू देईन. बाकीचं नंतर. नाव तलावात नसलंच, तर मी पुन्हा पुकारीन. आता येते मला.

तुमची,
यशोदा